काशीला जावं मार्गशीर्षात

काशीला कधी जावं, असं कोणी विचारलं की आपल्याकडे दोन उत्तरं तयार असतात. जुनी माणसं म्हणतात, बोलावणं आलं की जावं. आणि नोकरदार मंडळी म्हणतात, पोरांना मे महिन्यात सुट्टी असते तेव्हा जावं. पहिल्या उत्तरापुढे आपण काय बोलणार? पण दुसऱ्याबद्दल मला बरंच बोलायचं आहे, कारण मे महिन्यातली काशी आणि मार्गशीर्षातली काशी ही एकाच नदीच्या काठावरची दोन निराळी गावं आहेत, आणि हे निराळेपण कुठून येतं ती गोष्ट मोठी रंजक आहे. तेव्हा ऐसपैस बसा, कंदिलाची वात थोडी वर करा, आणि घाई असेल तर ती चपलांबरोबर बाहेर ठेवून या.

सुरुवात सावलीपासून करू. मुंबईत, पुण्यात, नागपुरात वर्षातून दोन दिवस असे येतात की भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशीच गडप होते. शाळेतली पोरं अंगणात बाटल्या मांडून ही शून्य सावलीची गंमत बघतात. काशीतल्या पोरांच्या नशिबी मात्र ही गंमत नाही. कर्कवृत्त काशीच्या दक्षिणेला दोनशेएक किलोमीटरवरून जातं, आणि सूर्य उत्तरेकडे चालत चालत त्या वृत्तावर पोचला की तिथूनच माघारी वळतो, काशीच्या डोक्यावर काही येत नाही. २१ जूनला तो तिथं डोक्यापासून दोनेक अंश खाली उभा राहतो आणि सावली बोटभर का होईना, उरतेच. दोन अंशांनी असं काय बिघडतं, म्हणाल तर त्या वृत्तापलीकडे वर्ष चांगलंच ताणलं जातं. मुंबईत सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात लहान दिवसात सव्वादोन तासांचा फरक, तर काशीत तो तीन तासांच्या वर जातो. जूनमध्ये पावणेचौदा तासांचा दिवस आणि डिसेंबरात जेमतेम साडेदहाचा. त्यात समुद्र सहाशेएक किलोमीटर लांब. समुद्र जवळ असला की तो उन्हाळ्यातही समजूत घालतो आणि हिवाळ्यातही, पण काशीची समजूत घालायला जवळ कोणी नाही, म्हणून तिथला उन्हाळा मनसोक्त तापतो आणि थंडी मनसोक्त गारठते.

आता मे महिन्याकडे वळू. दुपारी सरासरी ४० अंशांच्या आसपास ऊन असतं, आणि वाईट दिवस उगवला तर पारा ४५ च्या पुढे जातो. पश्चिमेकडच्या कोरड्या, तापल्या मुलखावरून जो वारा सुटतो त्याला तिथं ‘लू’ म्हणतात. तो भर दुपारी चालतो, अंगातलं पाणी घाम दिसायच्या आतच उडवून नेतो, आणि माणसाला आपण सुकतोय हे कळतसुद्धा नाही. म्हणून तिथली माणसं खिशात कांदा ठेवतात, कैरीचं पन्हं पितात आणि दुपारी गल्लीच्या सावलीतून बाहेर पडत नाहीत. आता त्या गल्ल्या इतक्या अरुंद का, याचं एक उत्तर याच दुपारीत आहे. दोन्ही बाजूंची उंच घरं ऊन खाली येऊच देत नाहीत. जुन्या वाड्यांतून वाळ्याचे पडदे दारात टांगून त्यांवर पाणी मारायचे, म्हणजे कोरडा वारा त्यातलं पाणी उडवताना आपली उष्णता खर्ची घालायचा आणि आत गार, सुगंधी होऊन यायचा. ही युक्ती कोकणात चालणार नाही बरं का. तिथली हवा आधीच पाण्याने भरलेली, ती पडद्यातलं पाणी घेईल कशाला? कोरडेपणा माणसाला छळतो, पण त्याच कोरडेपणाने वाळ्याचा पडदा काम करतो.

काशीच्या हवेचा हा सगळा हिशेब नेमाने मांडणारा एक माणूस होऊन गेला, जेम्स प्रिन्सेप. १८२० ते १८३० अशी दहा वर्षं तो काशीच्या टांकसाळीत धातूची पारख करायला होता, आणि नोकरी सांभाळून तो तिथल्या उष्णतेच्या आणि हवेच्या दाबाच्या नोंदी करायचा, शहराचा नकाशा काढायचा, घाटांची चित्रं काढायचा. पुढे १८३७ साली ब्राह्मी लिपी उलगडून अशोकाचे शिलालेख वाचून दाखवणारा तो हाच. सोन्यातली भेसळ बघणारा डोळा एकदा तयार झाला की तो हवेतली भेसळही बघतो आणि अक्षरातलीही.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात वारा दिशा बदलतो. पश्चिमेची लू थांबते, पूर्वेकडून बंगालच्या उपसागराचा ओलावा घेऊन पुरवैया येतो, आणि त्याच सुमाराला तिथला लंगडा आंबा बाजारात उतरतो. आंब्यासाठीच जाणार असाल तर हेच दिवस, हे मात्र कबूल करायला हवं. पण नदी बघायला जाणार असाल तर थांबा. काशीत गंगा उत्तरेकडे वाहते. शहर सगळं पश्चिमेच्या काठावर, कंकराच्या घट्ट, उंच दरडीवर बसलेलं, आणि समोरचा काठ सखल, वाळूचा. पूर आला की पाणी तिकडे पसरतं, म्हणून तिकडे कोणी घरं बांधली नाहीत, म्हणूनच घाटावर बसलं की उगवत्या सूर्याच्या आड एक भिंतसुद्धा येत नाही. पुराच्या दिवसांत मात्र घाट म्हणून काही उरतच नाही. नावा बंद, एका घाटावरून दुसऱ्यावर जायची वाट पाण्याखाली, आरती गच्चीवर, आणि मणिकर्णिकेच्या चितासुद्धा वरच्या गच्चीवर रचाव्या लागतात. धोक्याची पातळी तिथं ७१.२६ मीटरवर धरलेली आहे, आणि १९७८ साली गंगा ७३.९० मीटरपर्यंत चढली होती. नदी किती चढते ते बघायचं असेल तर शिंदे घाटावर जा. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांनी १८३० च्या सुमारास बांधलेला तो घाट आपल्याच वजनाने खचला आणि पुढे त्याची डागडुजी झाली. त्याच्या कडेला रत्नेश्वराचं देऊळ एका अंगाला कललेलं उभं आहे, आणि त्याच्या गाभाऱ्यात वर्षातले कितीतरी महिने गंगेचं पाणी आणि गाळ मुक्कामाला असतो.

आपल्या माणसांनी या काठावर फार जीव लावला आहे. विश्वनाथाचं देऊळ १७८० साली अहिल्याबाईंनी पुन्हा उभं केलं, नागपूरकर भोसल्यांचा घाट आहे, ब्रह्मा घाट आणि दुर्गा घाटाच्या गल्ल्यांतून अजून मराठी कानावर पडतं. १६७४ साली रायगडावर राज्याभिषेकाला आलेले गागाभट्ट काशीचेच, पण त्यांचं घराणं मूळचं पैठणचं. ही जुनी मंडळी पायी जायची, आणि दसऱ्याचं सोनं वाटल्यावर, नद्या उतरल्या आणि वाटा सुकल्या की मगच निघायची. महिन्या-दोन महिन्यांची वाट धरली तर ती काशीला पोचायची कधी? बरोबर, मार्गशीर्षाच्या आगेमागे.

पाऊस गेला म्हणजे लगेच जावं असंही नाही. पूर उतरतो तेव्हा पायऱ्यांवर गाळाचे थरच्या थर टाकून जातो. मग घाटावर पंप बसवतात, नदीचंच पाणी नळीने मारून तो चिखल पायरीपायरीने पुन्हा नदीत ढकलतात, आणि हे काम आठवडेच्या आठवडे चालतं. वरची पायरी कोरडी, मधली निसरडी, खालची अजून दिसायचीच असते. कार्तिक पौर्णिमेला देवदिवाळी असते, तोवर बहुतेक घाट धुऊन पुसून तयार होतात आणि त्या रात्री सगळ्या काठावर पणत्या लागतात. दृश्य डोळ्यांत मावणार नाही असं, पण गर्दीही तशीच, आणि खोलीचं भाडं विचारू नका. ती गर्दी पांगली की आपली वेळ सुरू होते.

आता गोष्टीचा गाभा, म्हणजे थंडीतलं रात्रीचं आकाश. पाऊस माघारी गेला की उत्तरेत उंचावरची हवा हळूहळू खाली उतरू लागते, उतरताना दाबली जाऊन तापते, सुकते, आणि ढग धरत नाही. आभाळ महिनामहिना निरभ्र राहतं. दिवसा सूर्य जमिनीला उष्णता देतो आणि रात्री जमीन ती वर आभाळात सोडून देते. वर ढग असले तर ते गोधडीचं काम करतात, गेलेली उष्णता थोडी परत पाठवतात. गोधडीच नसली तर जमीन रात्रभर उघड्यावर कुडकुडते. आमच्या ओळखीचे निफाडकडचे एक द्राक्षबागाईतदार थंडीच्या दिवसांत निजण्याआधी अंगणात येऊन वर बघतात. ढग दिसले तर पांघरूण ओढून निजतात. चांदण्या लखलखीत दिसल्या तर मात्र गड्याला पहाटे उठवायचं, बागेत शेकोट्या करायच्या, नाहीतर घड गारठणार. निफाडचा पारा महाराष्ट्रात सगळ्यांत खाली उतरतो तो अशाच चांदण्या रात्री. त्यांनी हवामानाचं पुस्तक उघडलेलं नाही, पण पुस्तकात आहे ते त्यांच्या मानेला ठाऊक आहे.

काशीच्या लोकांनी या उघड्या आभाळाकडून काय काम करून घेतलं ते ऐकून तुम्ही थक्क व्हाल. त्यांनी त्याच्याकडून बर्फ करून घेतला! यंत्र नाही, वीज नाही, काही नाही. काशीत राहणारा जॉन लॉइड विल्यम्स नावाचा एक इंग्रज होता, त्याने हा प्रकार डोळ्यांनी बघून लिहून कळवला आणि तो मजकूर १७९३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने छापला. मोकळ्या, सपाट जमिनीत चौकोनी वाफे करायचे, त्यांत कोरडा पेंढा किंवा उसाचं पाचट पसरायचं, त्यावर मातीची उथळ, पसरट, सच्छिद्र भांडी ओळीने मांडायची आणि संध्याकाळी त्यांत थोडं थोडं पाणी ओतायचं. बर्फ चिकटू नये म्हणून भांड्यांना आतून लोणी चोळलेलं. पहाटे बघावं तर पाण्यावर बर्फाची पापडी! आणि नवल असं, की त्या वेळी हवेचं तापमान पाणी गोठण्याइतकं खाली गेलेलंच नसायचं. हवा गोठत नाही आणि पाणी गोठतं, हे कसं? खालचा पेंढा जमिनीची ऊब वर येऊ देत नाही, उथळ पाणी आपली उष्णता सरळ निरभ्र आभाळात फेकतं, मातीतून झिरपणारा ओलावा उडताना आणखी थोडी घेऊन जातो, आणि असं सगळीकडून देणंच देणं झालं की पाणी भोवतीच्या हवेपेक्षाही गार होतं.

हे कोडं पुढे एका डॉक्टराने नीट सोडवलं. विल्यम चार्ल्स वेल्स त्याचं नाव. हा गृहस्थ लंडनजवळच्या बागेत रात्र रात्र जागायचा, वजन करून घेतलेले लोकरीचे पुंजके ठिकठिकाणी ठेवायचा आणि सकाळी पुन्हा तोलायचा. फळीच्या वर ठेवलेल्या, आभाळाला उघड्या पुंजक्यावर दव जास्त, फळीखाली दडलेल्यावर कमी. दव वरून पडत नाही, आभाळाकडे बघणारी वस्तू गार होते म्हणून हवेतलं पाणी तिच्यावर जमतं, हे त्याने १८१४ साली आपल्या निबंधात मांडलं, आणि हिंदुस्थानातल्या बर्फाचा उलगडाही त्याच सूत्राने केला.

बर्फाची ती शेतं आता नाहीत, पण तेच आभाळ अजून राबतं, आणि त्याची कमाई तुम्हाला मातीच्या कुल्हडात मिळते. तिला मलइयो म्हणतात. चौखंबा, ठठेरी बाजार अशा गल्ल्यांत थंडी पडू लागली की हलवाई संध्याकाळी मोठ्या कढईत दूध आटवतात आणि गच्चीवर उघड्या आभाळाखाली, वर पातळ फडकं टाकून रात्रभर ठेवतात. पहाटे, अंधार असतानाच, लांब रवीने ते घुसळायला लागतात. दुधावर फेस येतो, तो अलगद काढून दुसऱ्या भांड्यात, पुन्हा घुसळायचं, पुन्हा काढायचं. त्यात साखर, केशर, वेलदोडा. सकाळी तो पिवळसर फेस डोंगराएवढा रचून हलवाई बसतो. जवळून बघा, नीट बघण्यासारखा असतो तो. बारीक बारीक बुडबुडे, एकमेकांना टेकलेले, वर पिस्त्याचे काप, आणि कुल्हड हातात घेतलं तर वजन जवळजवळ मातीचंच. चमचा जिभेवर ठेवला की काही चावायचं उरत नाही, केशर आणि गारवा तेवढा मागे राहतो.

हलवायाला विचारलं तर तो सांगतो, ही सगळी करणी दवाची. दव पडलं नाही तर मलइयो नाही. वेल्सचं म्हणणं आणि त्याचं म्हणणं एकमेकांशी भांडत नाही बरं. कढईत दव ते किती उतरणार, थेंब-दोन थेंब. खरं काम करतो तो गारठा. दुधातलं लोणी गार झालं की थोडं घट्ट होतं, घुसळताना त्याचे कण बुडबुड्यांच्या भोवती चिकटून भिंत धरतात, म्हणून फेस उभा राहतो. पण ज्या रात्री आभाळ मोकळं आणि वारा पडलेला, त्याच रात्री दूध नीट गार होतं आणि त्याच रात्री दवही पडतं. म्हणजे दव ही खूण झाली, आणि ती खूण हलवायाने अगदी अचूक धरली आहे. ऊन चढलं की लोणी सैल होतं, भिंती ढासळतात आणि मलइयो पुन्हा दूध होऊन बसतं. म्हणून दहा-अकरानंतर गेलात तर रिकामी परात बघाल. मे महिन्यात तर तिचं नावही काढू नका.

मग पौष-माघात, ऐन कडाक्यात का जाऊ नये? कारण हेच आभाळ तेव्हा जरा जास्तच देऊ लागतं. डिसेंबरच्या उत्तरार्धापासून रात्री लांब, वारा पडलेला, गव्हाला पाणी दिल्याने रानं ओली, नदी शेजारी, आणि मधूनच पश्चिमेकडून ढगाळ हवेची लाट, म्हणजे पश्चिमी विक्षोभ, येऊन हलका पाऊस शिंपडून जातो. जमीन गारठली की तिच्या अंगालगतच्या हवेतलं पाणी बाहेर पडतं आणि धुकं बसतं. एकदा बसलं की ते स्वतःला राखतं. त्याचा वरचा थर ऊन परत फेकतो, खाली जमीन तापत नाही, आणि जमीन तापल्याशिवाय धुकं उठत नाही. कधी दुपारपर्यंत घाटावरून नाव दिसत नाही, आणि गाड्या सहा-सहा, आठ-आठ तास उशिरा धावतात. जानेवारीत पहाटेचा पारा सरासरी ९-१० अंशांवर असतो, पण धुक्याने ऊन अडवलं की दिवसाही हाडं ठणकतात. म्हातारी माणसं आणि लहान लेकरं घेऊन त्या दिवसांत जाऊ नये, असं मी निक्षून सांगतो.

म्हणून कार्तिक पौर्णिमा उलटली की पुढचा महिनाभर, आपल्या मार्गशीर्ष पौर्णिमेपर्यंत, ही खरी वेळ. मात्र तिथं महिना पौर्णिमेला संपतो, त्यामुळे आपला कार्तिक वद्य पक्ष त्यांच्या अगहनात, म्हणजे मार्गशीर्षात मोडतो. तिथल्या गुरुजींशी तिथी बोलताना महिना आणि पक्ष दोन्ही पक्कं करून घ्या, नाहीतर पंधरा दिवसांचा घोळ होतो. या महिन्यात घाट धुतलेले, नदी गाळ टाकून निवळू लागलेली, मलइयो सुरू झालेली आणि दाट धुकं अजून यायचं असतं. सूर्यही तेव्हा आपली जागा बदलतो. जूनमध्ये तो पूर्वेच्या डावीकडे सव्वीसेक अंश सरकून राजघाटाच्या पुलाच्या अंगाला उगवतो, आणि मार्गशीर्षात जवळजवळ तितकाच उजवीकडे, रामनगरच्या बाजूला सरकून, वाळूवरून वर येतो.

आणि पाहुणे आलेले असतात. नावाडी ‘आओ, आओ’ अशी साद घालतात आणि पांढऱ्या कुरव पक्ष्यांचे थवे नावेभोवती गिरक्या घेतात. काही मध्य आशियाकडून, काही लडाख-तिबेटच्या उंच सरोवरांवरून उतरलेले. यांच्यातल्या काहींचं नाव तपकिरी डोक्याचा कुरव, पण थंडीत डोकं बघाल तर पांढरं, आणि कानामागे फक्त एक काळपट ठिपका. ती तपकिरी टोपी विणीच्या दिवसांची. फेब्रुवारी सरता सरता एकेकाच्या डोक्यावर ती चढू लागते, आणि मग कळतं की यांची परतीची तयारी झाली. नावेत शेवेची पुडी विकायला येतात, ती मात्र घेऊ नका. तळलेली शेव हे त्या पक्ष्यांचं अन्न नव्हे, त्यांना नदीतले मासे आणि किडे पुरतात.

मार्गशीर्ष नाहीच जमला तर फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत जा. धुकं उठलेलं, लू अजून लांब, फक्त महाशिवरात्रीची गर्दी बघून तारीख धरा, आणि मलइयोची आशा सोडा. आणि पोरांच्या सुट्टीपायी मेमध्येच जावं लागलं, तर काशीकरांच्या घड्याळाने राहा. पहाटे चारला उठा, आठच्या आत घाट उरका, दुपारभर दार लावून पडा, ऊन उतरल्यावर पुन्हा बाहेर पडा.

कर्कवृत्ताच्या वरच्या अंगाला, समुद्रापासून लांबचं, गंगेच्या मैदानातलं कुठलंही गाव घ्या, प्रयागराज घ्या, कानपूर घ्या, लखनौ घ्या, त्याला हाच नियम लागू पडतो. पाऊस जाऊन वाटा सुकल्या का, रात्रीचं आकाश मोकळं झालं का, आणि धुकं बसायला अजून अवकाश आहे का, एवढं विचारायचं. तिन्हींना ‘हो’ आलं की तिकीट काढा. बरोबर स्वेटर आणि कानटोपी घ्या, पहाटेची नाव आदल्या संध्याकाळीच ठरवून ठेवा, आणि मलइयो सकाळी नऊच्या आत खा.